अमेरिकेत एयूडी: प्रवेशाच्या अटी, आणि प्रवेशानंतर चार वर्षं टिकून राहायचे नियम

एयूडीला, म्हणजे ऑडिओलॉजीच्या (श्रवणशास्त्राच्या) डॉक्टरेट पदवीला, अर्ज करणारे बहुतेक जण विद्यापीठाचं प्रवेशाचं पान पाठ होईपर्यंत वाचतात आणि विद्यार्थी हँडबुक उघडतही नाहीत. आमच्या मते क्रम उलटा हवा. प्रवेशाच्या पानावर ‘किमान जीपीए ३.०’ एवढंच असतं. कितव्या सी ग्रेडला नाव कटतं, नापास विषय पुन्हा कधी घेता येतो, क्लिनिकमध्ये कमी पडल्यावर किती संधी मिळतात, हे सगळं हँडबुकात असतं. ती पीडीएफ बहुतेक विभागांच्या संकेतस्थळावर सहज सापडते. अर्जाची फी भरण्याआधी तिच्यातलं ‘अकॅडेमिक प्रोग्रेस’ किंवा ‘रिटेन्शन’ हे प्रकरण वाचा.

एयूडी म्हणजे डॉक्टर ऑफ ऑडिओलॉजी. पदवीनंतर साधारण चार वर्षांचा हा क्लिनिकल अभ्यासक्रम आहे. मोजक्या ठिकाणी उन्हाळ्याच्या सुट्ट्या न देता तो तीन वर्षांत संपवतात. संशोधनाची पीएचडी ती वेगळी. काही विद्यापीठं दोन्ही एकत्र देतात, पण तो पाच-सहा किंवा त्याहूनही जास्त वर्षांचा संसार आहे, ‘जाता जाता पीएचडीही होईल’ म्हणून त्यात पडू नये. १ जानेवारी २०१२ पासून अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनचं, म्हणजे आशाचं, ऑडिओलॉजीचं प्रमाणपत्र (सीसीसी-ए) घ्यायला डॉक्टरेट पातळीची पदवी लागते. त्यामुळे मास्टर्सचा जुना रस्ता आता बंद आहे.

आधी मान्यता, मग निकालाचा तक्ता

विद्यापीठ कितीही नावाजलेलं असो, मान्यता त्या विशिष्ट एयूडी अभ्यासक्रमाला हवी. ती मुख्यतः सीएए ही संस्था देते. एसीएई ही दुसरी मान्यता देणारी संस्था. सीएएच्या यादीत अभ्यासक्रमाची स्थिती पाहा: पूर्ण मान्यता, नव्या अभ्यासक्रमांसाठीची ‘कँडिडसी’, की ‘प्रोबेशन’, म्हणजे त्रुटींमुळे ताकिदीवर असलेली मान्यता. सीसीसी-एसाठी सीएएची स्थिती निर्णायक असते, म्हणून फक्त एसीएई असलेल्या ठिकाणी पुढे प्रमाणपत्राचा मार्ग कोणता, हे आधी लेखी विचारून घ्या.

मग निकालाचा तक्ता उघडा. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांना गेल्या तीन वर्षांचे आकडे जाहीर करावे लागतात: किती जणांनी वेळेत पूर्ण केलं, प्रॅक्सिस या राष्ट्रीय परीक्षेत किती पास झाले. प्रॅक्सिस आणि पदवीपूर्ती या दोन्हींसाठी सीएएचा मापदंड तीन वर्षांच्या सरासरीत ८० टक्के आहे. प्रॅक्सिसचा रकाना सगळीकडे छानच दिसतो, कारण तिथपर्यंत पोचलेलेच परीक्षेला बसतात. खरी माहिती ‘उशिरा पूर्ण केले’ आणि ‘पूर्ण केले नाही’ या दोन रकान्यांत दडलेली असते. बारा-पंधरा जणांच्या वर्गातून दरवर्षी दोन-तीन गळत असतील, तर मुलाखतीत कारण विचारायला अजिबात संकोच करू नका. उत्तर देताना समोरचे गडबडले, तरी त्यातून बरंच कळतं.

पूर्वअट विषय: इथे वर्ष वाया जातं

पदवी कोणत्याही शाखेची चालते, असं बरेच अभ्यासक्रम म्हणतात. ते खरं आहे, पण अर्धवट. प्रवेशाआधी किंवा पहिल्या सत्रापर्यंत काही विषय झालेले हवे असतात. यादी ठिकाणानुसार बदलते, पण पुन्हा पुन्हा येणारे विषय हे: श्रवणसंस्थेची रचना आणि कार्य, ऑडिओलॉजीची ओळख, स्पीच सायन्स किंवा ध्वनिशास्त्र, फोनेटिक्स, भाषाविकास, स्टॅटिस्टिक्स, जीवशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र, आणि मानसशास्त्र-समाजशास्त्रासारखा एखादा सामाजिक विषय.

यात तीन चुका नेहमीच्या आहेत. पहिली, स्टॅटिस्टिक्स ‘रिसर्च मेथड्स’मध्ये येऊन गेलं असं गृहीत धरणं. ट्रान्सक्रिप्टवर (विद्यापीठाच्या अधिकृत गुणपत्रकावर) त्या नावाचा स्वतंत्र विषय नसेल तर अनेक समित्या तो मोजत नाहीत. बीएएसएलपी (ऑडिओलॉजी आणि स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीची भारतातली पदवी) करून आलेल्यांना ही अडचण हमखास येते, कारण तिथे बायोस्टॅटिस्टिक्स आणि संशोधन पद्धती बऱ्याचदा एकाच पेपरात असतात. उपाय सोपा आहे. त्या पेपराचा अधिकृत अभ्यासक्रम, तासांच्या विभागणीसह, आधीच विभागाला ईमेलने पाठवा आणि ‘चालेल’ हे उत्तर जपून ठेवा. दुसरी चूक विषय झाल्याच्या वर्षाकडे न पाहण्याची. काही ठिकाणी ठरावीक वर्षांपेक्षा जुना विज्ञान विषय धरत नाहीत. तिसरी, निरीक्षणाच्या २५ तासांची. ती आशाची अट स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीसाठी आहे, ऑडिओलॉजीसाठी नाही. तरीही एखाद्या श्रवण-क्लिनिकमध्ये बसून काम पाहिलेलं असलं तर निबंधात लिहायला खरं काहीतरी मिळतं, आणि काही विभाग ते मागतातही.

भौतिकशास्त्राची अट केवळ औपचारिकता म्हणून पूर्ण करू नका. पहिल्याच सत्रात डेसिबल येतो आणि तिथेच बिगर-विज्ञान शाखेतून आलेले अडखळतात. ६० डेसिबलचे दोन स्वतंत्र गोंगाट एकत्र केले तर १२० होत नाहीत, ६३ होतात. ध्वनिदाब दुप्पट झाला तर ६ डेसिबल वाढतात, शक्ती दुप्पट झाली तर ३. हे का, हे लॉगॅरिदम वापरून कागदावर सोडवता येत नसेल, तर सत्र सुरू होण्याआधीचा महिना त्यावर घालवा. पुढे उपकरणांचं कॅलिब्रेशन, सायकोअकूस्टिक्स (आवाज माणसाला कसा जाणवतो याचं शास्त्र), श्रवणयंत्रांचं गेन-आउटपुट (यंत्र आवाज किती वाढवतं आणि किती बाहेर देतं), सगळं यावरच उभं आहे.

सीएसडीकॅसवरचा अर्ज

बहुसंख्य एयूडी अभ्यासक्रम सीएसडीकॅस या सामायिक अर्जव्यवस्थेतून अर्ज घेतात. अर्ज उन्हाळ्यात खुले होतात, अंतिम तारखा बहुधा डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत असतात. काही विद्यापीठं याशिवाय स्वतःच्या ग्रॅज्युएट स्कूलचा वेगळा अर्ज आणि वेगळी फी मागतात. ही दुसरी पायरी चुकली की पहिला अर्ज कितीही चांगला असला तरी तसाच पडून राहतो.

अंतिम तारखेचा नेमका अर्थ तपासा. काही ठिकाणी त्या दिवशी अर्ज ‘सबमिट’ असला की पुरतं, काही ठिकाणी तो ‘व्हेरिफाइड’ हवा. पडताळणीला काही आठवडे लागतात, आणि सगळी ट्रान्सक्रिप्ट पोचल्याशिवाय ती सुरूच होत नाही. म्हणून कामाचा क्रम असा ठेवा: सर्वात आधी ट्रान्सक्रिप्टची मागणी, मग शिफारसपत्रांची विनंती, आणि निबंध शेवटी. लोक निबंधावर दोन महिने घासत बसतात आणि ट्रान्सक्रिप्ट डिसेंबरात मागवतात.

अमेरिकेबाहेरच्या पदवीसाठी मूल्यांकन लागतं, आणि ते विषयवार हवं. नुसतं ‘ही पदवी अमेरिकन बॅचलरच्या समकक्ष आहे’ असं सांगणारा स्वस्तातला अहवाल इथे निरुपयोगी ठरतो, कारण त्यात प्रत्येक विषयाचे क्रेडिट आणि ग्रेड नसतात. मूळ विद्यापीठाने सीलबंद पाकिटातून किंवा थेट इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कागद पाठवायचे असतात. परीक्षा विभागाचा वेग लक्षात घेऊन यासाठी तीन महिने धरा.

सीएसडीकॅस जीपीए स्वतः मोजतं आणि तो तुमच्या गुणपत्रिकेवरच्या जीपीएपेक्षा कमी येऊ शकतो. मूळ विद्यापीठाने पुनर्परीक्षेनंतर जुनी ग्रेड पुसली असली, तरी इथे दोन्ही प्रयत्न धरले जातात. शेवटच्या ६० सत्र-क्रेडिटचा जीपीए अनेक समित्या वेगळा पाहतात. सुरुवात डळमळीत आणि शेवट भक्कम असेल तर असेच अभ्यासक्रम निवडा.

जीआरई बऱ्याच ठिकाणी काढून टाकली आहे, तरी सगळीकडून नाही. गुण पाच वर्षं ग्राह्य धरतात. टोफेल-आयएल्ट्सचे दोनच वर्षं. त्यातही एकूण गुणांबरोबर बोलण्याच्या भागाची वेगळी किमान मर्यादा असू शकते, कारण पहिल्या-दुसऱ्या सत्रातच तुम्हाला वृद्ध रुग्णांशी बोलून हिस्टरी घ्यायची असते. त्यांना आधीच ऐकू कमी येतं.

शिफारसपत्रं सहसा तीन. दोन तरी ज्यांनी तुम्हाला शिकवलं त्यांची असावीत. पत्र वाचण्याचा आपला हक्क सोडल्याची खूण अर्जात करायची असते. ती केली नाही तर समिती पत्राला फारसं वजन देत नाही.

निबंधाबद्दल एकच सांगतो. आजीचं श्रवणयंत्र आणि त्यातून मिळालेली प्रेरणा, हे समितीने त्या आठवड्यात वीस वेळा वाचलेलं असतं. आजीला ठेवा, पण तिच्या यंत्राची शिट्टी का वाजत होती आणि कोणी ती कशी बंद केली, हे लिहा.

निर्णय फेब्रुवारी-मार्चपासून येऊ लागतात आणि अनेक अभ्यासक्रम १५ एप्रिल ही उत्तराची तारीख पाळतात. तोवर हातातली ऑफर घाईने स्वीकारायचं बंधन नसतं. निधीचं, म्हणजे असिस्टंटशिपचं (विभागात काम करून मिळणाऱ्या मदतीचं), पत्र मात्र वेगळं येतं आणि कधीकधी उशिरा. ट्यूशनमाफी किती वर्षांची, चौथ्या वर्षालाही लागू आहे का, हे लेखी घ्या. चौथं वर्ष तुम्ही एक्स्टर्नशिपसाठी, म्हणजे बाहेरच्या क्लिनिकमधल्या पूर्णवेळ प्रशिक्षणासाठी, बहुधा दुसऱ्या शहरात असता आणि ट्यूशन तरीही भरावी लागते.

प्रवेश पक्का झाल्यावर

पहिल्या दिवसाआधी पूर्ण करायच्या गोष्टी: पार्श्वभूमी तपासणी, हिपॅटायटिस बी, एमएमआर आणि कांजिण्यांच्या लसी किंवा प्रतिकारशक्तीचा टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांची मोजणी), क्षयाची चाचणी, आरोग्यसेवकांसाठीचं सीपीआर, रुग्णगोपनीयतेचं हिपा प्रशिक्षण, रक्तजन्य संसर्गाचं प्रशिक्षण. हिपॅटायटिस बीचा नेहमीचा तीन डोसांचा क्रम सहा महिन्यांचा आहे; ऑगस्टमध्ये सुरू केला तर क्लिनिकची सुरुवात अडू शकते. बीसीजी घेतलेल्यांची त्वचेवरची क्षयचाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून सरळ रक्ताची आयजीआरए चाचणी करायला मिळते का ते विचारा.

काही रुग्णालयं ड्रग टेस्टही घेतात. राज्यात गांजा कायदेशीर असला तरी फेडरल कायद्याने तो नाही आणि रुग्णालय आपल्या नियमाने चालतं. पॉझिटिव्ह निकालाने ती जागा जाते, आणि ती गेल्यावर दुसरी द्यायला विभाग बांधील नसतो.

‘इसेन्शियल फंक्शन्स’ (या कामासाठी लागणाऱ्या मूलभूत क्षमता) या नावाच्या कागदावर सहीही लागते. ज्यांना स्वतःला श्रवणदोष आहे किंवा ज्यांना परीक्षेत जास्त वेळ लागतो त्यांनी तो पाहून घाबरू नये. सवलतींसह अट पूर्ण होत असेल तर ती पूर्णच धरली जाते. पण सवलत मागे जाऊन लागू होत नाही. विकलांगता कार्यालयाचं पत्र परीक्षेआधी हवं, नापास झाल्यानंतर नाही.

३.० चं गणित

बहुतेक ठिकाणी एकूण जीपीए ३.० च्या खाली गेला की प्रोबेशन, म्हणजे सुधारणेची ताकीद, लागतं आणि एका-दोन सत्रांत तो वर आणावा लागतो. शिवाय प्रत्येक विषयाची वेगळी किमान ग्रेड असते, कुठे बी, कुठे बी मायनस, आणि सी ग्रेडची एकूण संख्याही मर्यादित असते. हे तीन नियम एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. जीपीए ३.४ असूनही दुसऱ्या सीमुळे नाव जाऊ शकतं.

हिशेब असा. पहिल्या सत्रात तीन-तीन क्रेडिटचे चार विषय घेतले. तीन बी आणि एक सी आली (ए चे ४, बी चे ३, सी चे २ धरून): (३+३+३+२) भागिले ४, म्हणजे २.७५. पुढच्या सत्रात तितकेच क्रेडिट घेऊन एकूण ३.० गाठायला ३.२५ हवा, म्हणजे तीन बीबरोबर एक ए. थोडक्यात एका सीचं कर्ज तितक्याच क्रेडिटचा एक ए फेडतो. हे ऐकायला सोपं वाटतं. पण क्लिनिकचे क्रेडिट कुठे ‘पास-नापास’ असतात, ते जीपीएत येतच नाहीत, आणि मग ए मिळवायला लेखी विषय कमी उरतात. उलट सलग बी मायनस धोक्याचे असतात. ती ग्रेड २.७ धरली जाते. एकही विषय नापास नाही, आणि तरी जीपीए २.७.

नापास विषय पुन्हा घ्यायचा तर आणखी एक गाठ आहे. एयूडीचे विषय वर्षातून एकदाच शिकवतात आणि पुढच्या विषयाची ती पूर्वअट असते. शरद सत्रातला श्रवणयंत्रांचा पहिला भाग हुकला, तर वसंतातला दुसरा भाग आणि त्यावर अवलंबून असलेलं क्लिनिक दोन्ही हुकतात, म्हणजे एक अख्खं वर्ष. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर त्या मधल्या काळात पूर्णवेळ नोंदणी टिकवायची असते. विषय सोडण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जा. नोंदणी पूर्णवेळेखाली गेल्यावर घेतलेली परवानगी उपयोगाची नाही.

क्लिनिक: ग्रेडपेक्षा वेगळी मोजपट्टी

क्लिनिकमध्ये प्रत्येक कौशल्यावर गुण मिळतात, बऱ्याच ठिकाणी १ ते ५, आणि अपेक्षा सत्रागणिक चढते. पहिल्या सत्रात ज्या कामाला ३ पुरतात त्यालाच तिसऱ्या सत्रात ३ म्हणजे कमी. गुण घसरले की रिमेडिएशन प्लॅन (सुधारणेचा आराखडा) येतो: काय कमी, किती तारखेपर्यंत, कोण तपासणार, हे सगळं लेखी. सही करण्याआधी ‘तारखेपर्यंत जमलं नाही तर काय’ ही ओळ त्यात आहे का ते पाहा.

विद्यार्थी नेमके कुठे पडतात, तर मास्किंगमध्ये, म्हणजे एक कान तपासताना दुसऱ्यात गोंगाट देऊन त्याला गुंतवून ठेवण्यात. एक प्रॅक्टिकल घ्या. डाव्या कानाचा एअर कंडक्शन थ्रेशोल्ड (हेडफोनमधून जेमतेम ऐकू येणारी पातळी) ७० डेसिबल आला, उजव्या कानाचा बोन कंडक्शन (हाडातून कंपन देऊन मोजलेला) १०. कानावर बसणारे हेडफोन आहेत, इंटरऑरल अटेन्युएशन (एका कानातून दुसऱ्यापर्यंत जाताना आवाजात होणारी घट) ४० धरलं. ७० वजा ४०, म्हणजे ३० डेसिबल आवाज उजव्या कॉक्लियापर्यंत (अंतर्कर्णातल्या शंखापर्यंत) पोचतो आणि तिला १० लाच ऐकू येतं. म्हणजे बटण दाबणारा कान उजवा असू शकतो, आणि डावा पूर्ण बहिराही असू शकतो. इथे उजव्या कानात मास्किंग नॉइज द्यायलाच हवा. विद्यार्थी पाच-पाच डेसिबलने नॉइज वाढवतात, पण एकदा उत्तर आलं की तिथेच थांबतात. नॉइज सलग १५ डेसिबल वाढवूनही थ्रेशोल्ड हलला नाही, तरच ते पठार मानायचं. बोन कंडक्शनला तर अटेन्युएशन शून्य धरतात. हे तोंडी परीक्षेत सगळ्यांना येतं, पण समोर कंटाळलेला रुग्ण बसला की विसरतं.

दुसरी जागा रिअल-इअर मापनाची, म्हणजे यंत्राचा आवाज रुग्णाच्या कानातच बारीक नळीने (प्रोब ट्यूबने) मोजण्याची. प्रोब ट्यूबचं टोक कर्णपटलापासून ५ मिलिमीटरच्या आत हवं. प्रौढांत इंटरट्रॅगल खाचेपासून (कानाच्या छिद्राखालच्या बाहेरच्या खाचेपासून) साधारण २८ मिलिमीटर स्त्रियांना, ३०-३१ पुरुषांना. खूण न करता ट्यूब घातली, किंवा यंत्र बसवताना ती बाहेर सरकली, तर उच्च वारंवारितेला आउटपुट कमी दिसतं. मग विद्यार्थी गेन वाढवत बसतो आणि रुग्णाला यंत्र कर्कश लागतं. पर्यवेक्षक गुण देताना आधी ही खूण पाहतात.

वर्तनाचे नियम मात्र कोणत्याच आकड्यात बसत नाहीत. उशिरा दिलेले रिपोर्ट, रुग्णाचं नाव साध्या ईमेलमध्ये, न कळवता गैरहजेरी. उत्तम जीपीए असलेल्यांचं नाव जातं ते बहुधा यातल्याच कशाने.

मोठी परीक्षा, प्रकल्प, प्रॅक्सिस

दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाअखेर कॉम्प्रिहेन्सिव्ह परीक्षा असते, लेखी, तोंडी किंवा दोन्ही. सहसा दुसरी संधी मिळते, तिसरी नाही. ती पास झाल्याशिवाय चौथ्या वर्षाच्या एक्स्टर्नशिपला सोडत नाहीत. कॅपस्टोन प्रकल्पात (पदवीसाठीच्या अंतिम संशोधन प्रकल्पात) मानवी सहभागी असतील तर आयआरबीची (विद्यापीठाच्या संशोधन-नैतिकता समितीची) मंजुरी लागते, आणि ती मिळण्याआधी गोळा केलेली माहिती टाकून द्यावी लागते. विषय साधा ठेवा.

प्रॅक्सिसची ऑडिओलॉजी परीक्षा १०० ते २०० च्या मापावर असते आणि आशासाठी १६२ लागतात. चौथ्या वर्षाआधीच्या उन्हाळ्यात ती उरकणं बरं, कारण नंतर पूर्णवेळ रुग्ण पाहून संध्याकाळी अभ्यास होत नाही. गुण आशा, विद्यापीठ आणि राज्य, तिघांकडे जातील अशी नोंद नावनोंदणीच्या वेळीच करा.

एक्स्टर्नशिप आणि व्हिसाचे दिवस

अर्ज तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, कुठे त्याहूनही आधी. माजी सैनिकांची रुग्णालयं हे मोठं प्रशिक्षणकेंद्र आहे, पण तिथल्या स्टायपेंडच्या जागांना सामान्यतः अमेरिकन नागरिकत्व लागतं. एफ-१ वाल्यांनी यादी त्यानुसार करावी. पर्यवेक्षकाकडे सीसीसी-ए, त्यानंतरचा किमान नऊ महिन्यांचा अनुभव आणि पर्यवेक्षणाचं दोन तासांचं प्रशिक्षण हवं. ते पूर्ण नसेल तर आशासाठी ते तास धरले जात नाहीत.

एफ-१ वर बाहेरचं काम सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायची परवानगी) मंजुरीनेच करायचं असतं. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा जास्त झाली की त्याच पातळीची ओपीटी (पदवीनंतर आपल्या क्षेत्रात काही काळ काम करायची परवानगी) जाते. उदाहरण पाहा: तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात तीन महिने पूर्णवेळ रोटेशन, मग दहा महिन्यांची एक्स्टर्नशिप. एकूण तेरा महिने, ओपीटी गेली, आणि पदवीनंतर काम करायचा सोपा रस्ता बंद. तेच उन्हाळी रोटेशन आठवड्याला २० तासांच्या आत ठेवलं तर ते पूर्णवेळात मोजलं जात नाही. म्हणून विभागाचं वेळापत्रक हाती आलं की कॅलेंडरवर दिवस मोजा आणि तारखा कार्यालयाकडून तपासून घ्या. ओपीटीचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो, आणि संपल्यानंतर ६० दिवसांपर्यंत.

काही राज्यांत एक्स्टर्नलाही तात्पुरता परवाना लागतो. तो हातात येण्याआधी केलेलं काम बेकायदा ठरू शकतं, म्हणून रुजू होण्याच्या तारखेआधी किमान दोन-तीन महिने अर्ज करा.

तासांच्या नोंदीबद्दल शेवटचं. आशाच्या २०१२ च्या निकषांत पर्यवेक्षित कामाचे १,८२० तास लागत. २०२० पासूनच्या निकषांत तो आकडा नाही, किती तास पुरेसे ते अभ्यासक्रम ठरवतो. काही राज्यांचे परवाना नियम मात्र अजूनही तास विचारतात. विभागाच्या सॉफ्टवेअरमधलं तुमचं खातं पदवीनंतर बंद होऊ शकतं. तासांचा पर्यवेक्षकाच्या मंजुरीसह अहवाल, प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम आणि पर्यवेक्षकांचे आशा क्रमांक दर सत्राअखेर उतरवून स्वतःकडे ठेवा.